नात्याचा रकाना

ग्रॅमताईनं फॉर्म मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि लाल पेन्सिलीचं टोक एका शब्दावर टेकवलं.

“हे काय लिहिलंय?”

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला आणि वाकून पाहिलं. “जरासं.”

“जरासं लोणी. मास्तर, जरासं म्हणजे किती?”

“म्हणजे फार नाही.”

“फार नाही म्हणजे किती?”

“बाई, तो माणूस म्हणाला, पावाला जरासं लोणी लावलं. त्याच्या तोंडचा शब्द मी कसा बदलू?”

तिनं ड्रॉवर ओढून एका कडीत ओवलेले पाच चमचे काढले आणि मास्तरांच्या नाकासमोर खुळखुळवले. “हे तुम्हाला कशाला दिलेत? हे त्याला दाखवायचे, यातला कुठला ते विचारायचं आणि आकडा लिहायचा. चित्रांची वही दिली, वाट्या दिल्या, वजनकाटा दिला. आणि तुम्ही मला ‘जरासं’ आणून देता! यंत्रात ‘जरासं’ भरता येत नाही.”

मास्तर गप्प राहिले. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेला माणूस; गप्प राहूनही आपलंच बरोबर आहे असं वाटायला लावण्याची कला त्यांना साधली होती. तिनं फॉर्म उलटला. मागच्या बाजूला ‘शेरा’ असा दोन ओळींचा रकाना होता. मास्तरांचं टपोरं अक्षर तो ओलांडून समासात उतरलं होतं आणि समासातून वळून पानाच्या डोक्यावर चढलं होतं.

“आणि शेरा दोन ओळींचा असतो,” ती म्हणाली.

“माणूस दोन ओळींचा नसतो, बाई.”

तिनं फॉर्म परत त्यांच्या हातात कोंबला आणि आपल्या टेबलाकडे गेली.

देशातली मोठी आणि वयस्कर माणसं काय खातात, किती खातात, कुठे आणि कोणाबरोबर खातात, याची ही पाहणी दर काही वर्षांनी व्हायची. घरं यंत्र निवडायचं. निवडलेल्या घरातल्या निवडलेल्या माणसाकडे मास्तरांसारख्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, आणि आदल्या दिवशी उठल्यापासून त्याच्या तोंडात काय काय गेलं ते लिहून आणायचं. मग ते कागद दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत येत, आणि सहा टेबलांवरच्या सहा बायका प्रत्येक घासाला एक कोड आणि एक वजन देत. ग्रॅमताई हे काम सोळा वर्षं करत होती. कोणी वाढदिवसाचा केक कापला तर हातात बशी आल्याबरोबर “साठ असेल” असं तिच्या तोंडून निघून जायचं. ‘ग्रॅमताई’ हे नाव तिला त्यावरूनच पडलं होतं आणि आता तिच्या नवऱ्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

दीड वाजला. तिनं चहाचा कप आणि दोन बिस्किटं पुढ्यात ओढली आणि रोजच्यासारखा आईला फोन लावला.

“जेवलीस?”

“जेवले.”

“काय जेवलीस?”

“जेवण.”

“आई, काय काय होतं?”

“होतं नेहमीचंच. तू जेवलीस का?”

“माझं सोड. भाजी होती?”

“होती.”

“किती?”

“अगं, पोटभर. मी काय वजन करून खाते का?”

ग्रॅमताईनं डोळे मिटले. दिवसभर अनोळखी माणसांच्या पोटात काय गेलं ते शेवटच्या घासापर्यंत तिला माहीत असायचं, आणि जन्मदात्या आईच्या ताटात काय होतं ते तीन वर्षं विचारून कळत नव्हतं. वडील गेल्यापासून आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागे अशा ठिकाणी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. वय चौऱ्याहत्तर. धाकटा भाऊ परदेशात. त्याला काही सांगायला जावं तर “तू जवळ आहेस, तूच बघ” एवढं म्हणून तो मोकळा. गेल्या खेपेला आईकडे गेली असताना तिनं फ्रिज उघडला होता. आत अर्धा कांदा, दह्याची एक वाटी आणि एक अंडं. ती दार उघडं धरून तशीच उभी राहिली होती. “लाव ते दार, गारवा जातो,” एवढंच आई म्हणाली होती.

त्याच आठवड्यात ग्रॅमताईनं ठरवून टाकलं. आपल्या घराची मागची खोली रिकामी करायची आणि आईला घेऊन यायचं. आईला विचारलं तेव्हा आई “बघू” म्हणाली. आई कधी सरळ हो म्हणाली आहे का? तेव्हा ‘बघू’ म्हणजे होच, असं धरून ग्रॅमताईनं आठ दिवसांपूर्वी आईच्या घरमालकाला फोन करून सांगितलं होतं की महिनाअखेरीस घर खाली होईल. आईला ते रविवारी, समोर बसवून, नीट सांगायचं होतं.

“रविवारी येते मी,” ती आता फोनवर म्हणाली. “बोलायचंय.”

“ये की,” आई म्हणाली. “बरं, ठेवू? गार होतंय.”

काय गार होतंय ते विचारेपर्यंत फोन बंद झाला होता.

दुपारी शेजारच्या टेबलावरची बाई रजेवर गेली म्हणून तिचा गठ्ठा वाटला गेला आणि त्यातले अकरा फॉर्म ग्रॅमताईच्या वाट्याला आले. दुसराच फॉर्म मास्तरांच्या अक्षरातला निघाला. क्रमांक चार एक एक सात. तिनं सुस्कारा सोडून लाल पेन्सिल तासली.

पेन्सिल लावायला जागाच मिळेना. सकाळी सहा चाळीस, चहा, एकशे साठ मिलिलिटर. दूध तीस. साखर चार ग्रॅम. सात पन्नास, पाव, दोन काप, मिळून छप्पन्न ग्रॅम. लोणी आठ ग्रॅम. दहा वाजता केळं, सोलल्यावर अठ्ठ्याण्णव. तिनं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. सोळा वर्षांत तिनं असा फॉर्म पाहिला नव्हता. कुठेही वाटीभर नाही, मूठभर नाही, थोडंसं नाही. भाताचंसुद्धा शिजल्यानंतरचं वजन होतं. आणि हे मास्तरांनी आणलेलं! सकाळी आपण त्या बिचाऱ्यांना उगीच झापलं असं तिला वाटून गेलं.

मग चहाच्या ओळीशेवटी तिची नजर गेली. ‘मिरपूड, चिमूटभर, ०.२ ग्रॅम; काट्यावर तीनदा ठेवून पाहिली.’

चहात मिरपूड घालणारं एकच माणूस तिला माहीत होतं.

तिनं पहिलं पान पाहिलं. नाव कधीच नसतं, नसावंच. स्त्री, चौऱ्याहत्तर, एकटी राहते, तिसरा मजला. वजन साडेबावन्न किलो; गेल्या वर्षी दवाखान्याच्या कार्डावर ते एक्कावन्न होतं, ती बरोबर गेली होती. मागच्या बाजूचा शेरा नेहमीसारखाच समासात सांडला होता.

‘उत्तर देणाऱ्या बाईंची मुलगी सरकारी कचेरीत लोक काय खातात ते मोजण्याच्या कामावर आहे, असे त्या सांगतात. तिला अर्धवट माहिती चालत नाही. म्हणून तिन्ही दिवसांचे सर्व पदार्थ बाईंनी मी जाण्यापूर्वीच वजन करून कागदावर मांडून ठेवले होते. काटा स्वतःचा, नवा.’

ग्रॅमताईनं पेन्सिल खाली ठेवली. फॉर्म ओळखीच्या माणसाचा निघाला तर त्याच क्षणी मिटायचा आणि साहेबांकडे नेऊन द्यायचा, असा नियम होता. दर वर्षी नव्या लोकांना हा नियम तीच शिकवायची. “उत्सुकता घरी ठेवून यायची,” असं वाक्यही तिनं त्यासाठी बसवलं होतं.

तिनं दुसरं पान उघडलं.

‘दुपारी १.००. भात १५० ग्रॅम. मासा, भाजलेला, काटे काढून ११०. वाटाणे ९०. गाजर, एक, ६०. ठिकाण: स्वतःचे घर नव्हे, त्याच इमारतीत, पहिला मजला. सोबत: एक व्यक्ती, कुटुंबातील नाही. टीप: १.३० वाजता मुलीचा फोन. सुमारे पाच मिनिटे. भात गार झाल्याने पुन्हा गरम केला.’

संध्याकाळी सातला सूप, अडीचशे मिलिलिटर, पाव, उकडलेलं अंडं. पहिला मजला. सोबत एक व्यक्ती. दुसऱ्या भेटीत दुपारी बटाटे, मासा, कोबी. पहिला मजला. एक व्यक्ती. दीड वाजता फोन. या वेळी भात नव्हता म्हणून गार झालं नाही. तिसरी भेट, पुन्हा तेच. तिनं नकळत बेरीज केली. प्रथिनं, लोह, कॅल्शियम, सगळं जिथे असायला हवं त्याच्या थोडं वरच होतं. पुढ्यातल्या बशीत दुपारच्या दोन बिस्किटांचा चुरा पडला होता.

आणि तिन्ही दिवशी एक रकाना मोकळा. ‘सोबतच्या व्यक्तीशी नाते.’ तिथे बारीक आडवी रेघ. ग्रॅमताईनं आकडे यंत्रात भरून पाहिले. मासा गेला, वाटाणे गेले, गाजर गेलं. मग पडद्यावर लाल चौकट आली. नाते भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

तिला आधी राग आला, तो आईचा. नवा काटा घेतला! तीन वर्षं मुलगी विचारतेय तर ‘नेहमीचंच’, आणि परका माणूस दारात आला तर गाजरासुद्धा तोलून! मग पाहणीला माणूस येऊन गेला हे सांगितलंदेखील नाही याचा राग आला. मग पहिल्या मजल्यावरच्या माणसाचा, जो कोण असेल त्याचा.

मास्तर जिन्याजवळ पिशवी भरत होते.

“चार एक एक सात,” ती म्हणाली. आवाज नेहमीचा यावा म्हणून तिनं हाताची घडी घातली होती. “नातं रिकामं आहे.”

“रिकामं नाही, बाई. रेघ आहे.”

“रेघ म्हणजे रिकामंच. विचारलं नाहीत?”

“तीनदा विचारलं.” मास्तरांनी पिशवी खाली ठेवली. “पहिल्या दिवशी म्हणाल्या, राहू द्या. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शेजारी लिहू का? तर त्यांनी त्या गृहस्थांकडे पाहिलं, ते वाटाणे सोलत बसले होते, आणि म्हणाल्या, शेजारी तर काय, सगळी इमारतच आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, अजून ठरलेलं नाही.”

“काय ठरलेलं नाही?”

“ते मी कसं विचारणार? फॉर्ममध्ये तो प्रश्न नाही.”

ग्रॅमताईनं जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. “ते गृहस्थ काय करतात?”

“ते आपल्या पाहणीत नाहीत, बाई. त्यांच्या घराची निवड झालेली नाही.” मास्तरांनी ते अगदी नियमावर बोट ठेवल्यासारखं सांगितलं, मग राहवलं नाही. “शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. आता हात थरथरतो. सूप त्यांना कपातून देतात, म्हणजे सांडत नाही. मासा साफ करायला त्या बसतात आणि काटे आहेत का बघायला ते बसतात. मी म्हटलं, काटे काढून वजन हवं, तर दोघांनी मिळून चष्मे लावून...” ते थांबले. “तुमच्या ओळखीच्या आहेत का त्या?”

“शेरा दोन ओळींचा असतो, मास्तर,” ती म्हणाली.

“तो शेरा माझा नाही. त्यांनी सांगून लिहून घेतला. लिहिल्यावर मला वाचून दाखवायला लावला.”

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नवरा मागच्या खोलीत स्टुलावर चढून भिंतीला टेप लावत होता. खोलीत नवा रंग दिला होता, खिडकीला नवा पडदा होता, आणि पलंग रविवारी यायचा होता.

“बरं झालं आलीस,” तो म्हणाला. “आईंचा हात किती वर जातो? इथे खुंटी लावतोय.”

“नको लावूस.”

“का?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे सांगता येत नाही. नियम आहे.”

त्यानं स्टुलावरून खाली वाकून तिच्याकडे पाहिलं. “खुंटी न लावायचा नियम?”

ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली. सगळं त्याला सांगून टाकावं, त्यानं आपल्या बाजूनं चार शब्द बोलावेत, असं तिला फार वाटलं. पण जे कळलं होतं ते सांगायचं नव्हतं, आणि जे सांगायचं नव्हतं त्याच्याशिवाय बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“आई येणार नाही, असं वाटतंय मला,” ती शेवटी म्हणाली.

“हो म्हणाल्या होत्या ना?”

“बघू म्हणाली होती.”

“बघू?” तो स्टुलावरून उतरला, टेप गुंडाळू लागला. “ग्रॅमताई, ‘बघू’ म्हणजे किती?”

त्यानं ते चेष्टेतच विचारलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि हात धुऊन झाले तरी बराच वेळ पाणी वाहू दिलं.

रोजचे फोन तिला एकेक आठवत गेले. आई कधी खोटं बोलली होती? एकदाही नाही. जेवलीस? जेवले. भाजी होती? होती. पोटभर? पोटभर. ती एकटी जेवते असं आईनं कुठे म्हटलं होतं? हे आपणच लिहून टाकलं होतं. कोणाबरोबर जेवलात, हा प्रश्न अनोळखी माणसाला तीन-तीनदा विचारल्याशिवाय ती फॉर्म स्वीकारत नसे. आईला मात्र तो एकदाही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उभी राहिली.

“ओळखीचा आहे,” ती म्हणाली. “माझ्या आईचा.”

साहेबांनी हातातली पित्ताची गोळी तोंडात टाकली. “कळलं कधी?”

“पहिल्या पानावर.”

“वाचला कुठपर्यंत?”

“शेवटपर्यंत.”

“पानं किती आहेत?”

“बारा.”

साहेब गोळी चघळत तिच्याकडे बघत राहिले. “नव्या लोकांना हा नियम कोण शिकवतं?”

“मी.”

“वा!” ते म्हणाले आणि फॉर्मवर एक चिठ्ठी टाचू लागले. टाचणी वाकली, दुसरी घेतली, तीही वाकली. “एकतीस तारखेला सगळं द्यायचंय, तीन बायका रजेवर आहेत आणि आता तुम्ही! आता हा कोपऱ्यातल्या टेबलावर जाईल. पुन्हा त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.” त्यांनी फॉर्म चाळला. “हे नातं रिकामं का आहे? ‘उत्तर दिले नाही’ म्हणून टाकायला सांगतो.”

“उत्तर दिलंय, साहेब.”

“कुठे? इथे तर रेघ आहे.”

“मास्तरांना विचारा. दिलंय.”

“काय दिलंय?”

“ते मी नाही सांगू शकत,” ग्रॅमताई म्हणाली. “मी आता यात नाही.”

साहेबांनी दोन्ही हात टेबलावर पसरून छताकडे पाहिलं. ती बाहेर आली.

कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभं राहून तिनं आईच्या घरमालकाला फोन लावला.

“आई घर सोडत नाही आहे,” ती म्हणाली. “मी तुम्हाला चुकीचं सांगितलं.”

“अहो, असं कसं?” घरमालक तडकला. “तारीख सांगितलीत तुम्ही! मी दोन कुटुंबांना घर दाखवून मोकळा झालो. एक तर पक्कं करायच्या बेतात आहे. काय ते एकदा ठरवा ना.”

तिचा हात खिडकीच्या चौकटीवर थांबला. “दाखवून? कधी?”

“मंगळवारी एक आणि काल एक.”

“आई होती घरी?”

“होत्या की. त्यांनीच दार उघडलं. दोन्ही वेळा चहा दिला सगळ्यांना. कपाट किती खोल आहे ते स्वतः उघडून दाखवलं.” घरमालक जरा थांबला. “त्यांना माहीत होतं ना? तुम्ही विचारलं होतंत ना त्यांना?”

खाली रस्त्यावर एक माणूस सायकलला बांधलेली शिडी सोडवत होता. त्याची गाठ सुटत नव्हती.

“नाही,” ती म्हणाली. “त्या लोकांना नाही म्हणून सांगा. माझं नाव घेऊन सांगा.”

मंगळवारी दीड वाजता तिनं आईला फोन केला होता. बुधवारी केला होता, काल केला होता. भाजी होती का, किती होती. आईनं एका अक्षरानं काही म्हटलं नव्हतं. ग्रॅमताई खिडकीशी उभी राहिली. आईवर चिडावं असं काहीतरी तिनं शोधून पाहिलं. सापडलंही, कारण आईनं बोलायला नको होतं का? मुलीला चार शब्द सुनवायला काय झालं होतं? पण तो राग हातात धरेपर्यंत गळून गेला.

त्या दिवशी दीड वाजला तेव्हा ती टेबलाशी बसून राहिली. फोन समोर होता. तिनं एक फॉर्म पुरा केला, दुसरा घेतला. दोन वाजले. सव्वादोनला ती उठली, पुन्हा खिडकीशी गेली.

आईनं पहिल्याच घंटेला उचलला. “काय गं? बरी आहेस ना? दीडला फोन नाही आला.”

“बरी आहे. म्हटलं, तुझं जेवण होऊ दे.”

एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दार लागल्याचा, मग जिन्यावरच्या चपलांचा. आई बाहेर येऊन बोलत असावी.

“आई,” ग्रॅमताई म्हणाली, “घरमालकांना मी सकाळी फोन केला. सांगितलं, घर सोडायचं नाही.”

“हो का?”

“तू लोकांना चहा दिलास म्हणे.”

“दारात आलेल्या माणसाला चहा नको का द्यायला? त्यातलं एक जोडपं चांगलं होतं. तिला दिवस गेलेत.”

“मला बोलली का नाहीस?”

“तूच बोलशील म्हणून थांबले,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “रोज वाटायचं, आज बोलेल. तू आपली भाजीवरच.”

“चुकलं माझं.”

“हं,” आई म्हणाली. चूक मान्य केल्यावर आई लहानपणीही एवढंच म्हणायची आणि तो विषय तिथे संपायचा.

ग्रॅमताईला वाटलं, आता ‘ठेवू?’ येईल. ते आलं नाही. जिन्यात कोणीतरी वर जात होतं, त्याच्याशी आई दोन शब्द बोलली. मग फोन पुन्हा कानाशी आला.

“एक विचारू? तुमच्याकडे ते कागद किती दिवसांनी पोचतात?”

“कुठले कागद?”

“ते खाण्यापिण्याचे. घरोघरी येऊन लिहून नेतात ते.”

ग्रॅमताईनं खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. “तीन आठवड्यांनी,” ती म्हणाली.

आईनं मनात दिवस मोजले असावेत. “म्हणजे पोचले असतील.”

“कागदांबद्दल मी काही बोलू शकत नाही, आई. कोणाच्याही.”

“नको बोलूस. मी कुठे बोल म्हणतेय? मला आपलं तोंडानं सांगायला जमेना.” आईनं घसा साफ केला. “रविवारी येणार होतीस ना? त्यापेक्षा उद्याच ये, शनिवारी. जेवायलाच ये. जावईबापूंनाही आण.”

“येते. किती वाजता?”

“एकला बसू. उशीर करू नका मात्र. त्यांना एकच्या पुढे भूक सोसत नाही.”

कोणाला, असं तिनं विचारलं नाही.

“नाही करणार,” ती म्हणाली. “साडेबारालाच येतो.”